झाकणाचा डबा

प्रवासात पिक्चर बघायला काय घ्यावं, असं कंपनीत कोणी विचारलं की माझं डोकं सणकतं. विचारणारा बिचारा तिरुपतीला नाहीतर मेव्हण्याच्या लग्नाला निघालेला असतो. बसमध्ये बारा तास कसे काढायचे, एवढीच त्याची अडचण. मी म्हणतो, "झोप की मुकाट्यानं! नाहीतर खिडकीतून बाहेर बघ." मग जेवणाच्या सुट्टीत माझ्यामागं बोलतात, लई तुसडा माणूस आहे म्हणून. बोलोत. असा सल्ला मी आयुष्यात एकदाच दिला आणि तो माझ्या घरच्यांनी भोगला.

आम्ही फुलंब्रीकडचे मेंढरंवाले. बाप गेला तेव्हा मी सातवीत होतो आणि थोरल्या भावाला नुकतं मिसरूड फुटलेलं. त्यानं एका दमात वाटणी सांगून टाकली, "तू शीक, मी चालतो." तो मेंढरांमागं चालत राहिला. मी शिकलो, आयटीआय केला, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर लागलो आणि शहाणा झालो. शहाणा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

चालणं म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला फोडून सांगावं लागतं. दिवाळी झाली की भांडीकुंडी, पीठमीठ, कोंबड्या, सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि गोदावरी ओलांडून नगरच्या अंगाला उतरायचं. आज ह्याच्या रानात मुक्काम, उद्या त्याच्या. मेंढरं रानात बसली की लेंडीखत पडतं, म्हणून शेतकरीही बोलावून घेतात. पाऊस पडेपर्यंत हेच. ह्यात बाईचं काम वेगळं असतं. दादा मेंढरं चारत चारत आडरानानं जायचा. वैनी घोडं आणि तान्ही कोकरं घेऊन सरळ वाटेनं पुढं जायची, ठरलेल्या रानात बिऱ्हाड उतरवायची, चूल मांडायची आणि बसून राहायची. दहा-अकराला पोचलेली बाई दिवेलागणीपर्यंत एकटी. परकं गाव, उघडं रान, दोन कुत्री. आई होती तोवर सासूसुना दोघी असायच्या आणि एकमेकींशी भांडण्यात त्यांचा दिवस झकास जायचा. आई गेली आणि वैनीला भांडायलाही कोणी उरलं नाही.

त्यात ती दुष्काळाची सालं. आमच्या गावात बाया हंडे घेऊन टँकरमागं पळत होत्या. औरंगाबादेत नळ कधी येईल त्याचा नेम नव्हता, आणि त्याच औरंगाबादेत जालना रोडला रोज नवी बिल्डिंग वर येत होती, तिच्या स्लॅबवर मारायला पाणी बरोबर मिळायचं. चाऱ्याच्या छावण्या उघडल्या त्या गायीबैलांसाठी. मेंढराला कोण विचारतो! गावात थांबलं तर मेंढरं पाय घासून मरणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. आणि नेमकी त्याच दिवाळीला वैनी म्हणाली, "यंदा मी यायची नाय."

दादानं लई समजावलं. तिचं एकच पालुपद, "दुपार जात नाय मला. दिसभर एकटीनं बसवत नाय." ती नाही तर बिऱ्हाड नाही, बिऱ्हाड नाही तर चालणं नाही, आणि चालणं नाही तर सगळा कळप खाटकाच्या टेम्पोत. शेवटी तिनंच वाट काढली. मागल्या साली वाटेत सोयऱ्यांचं बिऱ्हाड भेटलं होतं. त्यांच्याकडं एक काळा झाकणाचा डबा होता. झाकण उभं केलं की त्यातच पडदा, खाली सीडीची तबकडी घालायची. मोटारसायकलच्या बॅटरीवर चालायचा. दिवसभर पिक्चर, आणि आवाज असा की बांधापलीकडं ऐकू जावा. वैनी म्हणाली, "तसला डबा आणा. मग चालते मी."

रविवारी सकाळी दादा माझ्या खोलीवर हजर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात त्या जाडजूड वहाणा. घरमालकीण पदर नाकाला लावून दारावरून गेली. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला दादाचा.

"शहरात यायचं तर जरा अंघोळ करून यावं माणसानं," मी म्हणालो.

"केलीय की. व्हतं तेवढ्या पाण्यात केली." त्याला ते लागलंही नाही, निदान दिसलं तरी नाही. त्यानं डब्याचं सांगितलं.

मी हसलो. "दादा, तबकडीचा जमाना गेला आता. टॅबलेट निघालेत, पाटीएवढे. एका कार्डात ढीगभर पिक्चर मावतात. कारखान्यात सायबाकडं हाय तसला."

"तिनं झाकणाचा सांगितलाय."

"तिला काय कळतं त्यातलं?"

तो गप्प बसला. दादाच्या गप्प बसण्याचा अर्थ मी जन्मभर माझ्या सोयीनं लावत आलोय.

पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत आम्ही चार दुकानं फिरलो. फिरलो म्हणजे मी आत जायचो आणि दादा पायरीशी उभा राहायचा. चौथ्या दुकानात मी त्याला ओढूनच आत घेतलं. आत गारेगार, भर दुपारी सगळे दिवे लावलेले. दुकानदारानं काउंटरवर दोन्ही वस्तू मांडल्या. एक तो काळा डबा, जाड, बेढब, बिनचकाकीच्या निबर पडद्याचा. दुसरा टॅबलेट, असा लकलकीत की बोट लावायला भीती वाटावी. डबा बघून दादाचा चेहरा खुलला. "ह्योच, ह्योच," म्हणाला.

"मामू, ये तो पुराना माल है," दुकानदार म्हणाला, "मगर चलता मस्त."

मी टॅबलेटच उचलला. त्यात एक पिक्चर चालू केला. त्या गार, ऊन न शिरणाऱ्या दुकानात तो आरशासारखा चकाकत होता आणि रंग तर काय सांगू!

आमच्यात मेंढा कधी गोठ्यात बघून घेत नाहीत. विकणारा कितीही जीभ झिजवो, जनावर बाहेर काढायचं, उन्हात उभं करायचं, दात बघायचे, डोळे बघायचे, चार पावलं चालवायचं, आणि मग बोलायचं. दादाला खरेदीची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. त्यानं एका हातात डबा घेतला, दुसऱ्या हातात टॅबलेट घेतला आणि म्हणाला, "दोन्ही बाहीर नेऊन बघू. उन्हात."

दुकानदाराला हसू फुटलं. "बकरा है क्या मामू? दांत भी देखते क्या?" काउंटरपाशी उभ्या दोन पोरी फिस्सकन हसल्या. तसा तो माणूस वाईट नव्हता. लगेच म्हणाला, "ले जाओ ना, सामनेच तो है." पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी दादाच्या हातातून दोन्ही वस्तू हिसकून घेतल्या आणि दातओठ खात म्हणालो, "इज्जत काढू नको इथं. हे यंत्र हाय, मेंढा नाय!"

दादानं एकदा दाराबाहेर बघितलं, एकदा माझ्याकडं. मग त्यानं कनवटीचे पैसे काढून टॅबलेटचे दिले.

पुढचा शहाणपणा ऐका. स्टेशनजवळ एक जण कार्डात पिक्चर भरून द्यायचा. त्याच्याकडून मी कार्ड गच्च भरून घेतलं. सगळे मारामारीचे, गाड्या उडवायचे, हिंदीत डब केलेले. वैनीला काय आवडतं हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तिला रडायचे पिक्चर आवडतात हे मला फार पुढं कळलं. दादाबरोबर गावी जाऊन टॅबलेट हातात दिला, तेव्हा तिनं तो उलटसुलट केला आणि विचारलं, "ह्याला झाकण कुठाय?"

"ह्याला झाकण नसतं. हा त्याच्याहून भारी हाय."

"उभा कसा करायचा? माझे हात पिठात असत्यात."

"हातात धरायचा," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. पण कोकरं भुकेनं ओरडत होती आणि दादा दाराशी उभा होता. "आणलाय तर चालते," ती म्हणाली. "शब्द दिलाय मी." तिसऱ्या दिवशी ते निघाले. मी कारखान्यात छाती काढून सांगत सुटलो, आमची मेंढरंही आता टॅबलेट घेऊन चालतात म्हणून.

महिन्याभरानं वैनीचा फोन आला. ती मला फोन कधी करायची नाही.

"भावजी, तुमच्या पाटीत माझंच तोंड दिसतंय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! उन्हात धरली की पिक्चर जातो नि मी येते. माझं तोंड मी लग्नापासून बघतेय, त्याला पैसे कशाला घालायचे?"

"उजेड वाढव त्याचा."

"वाढवला. वाटेत भेटलेल्या सोयऱ्याच्या पोरीनं करून दिला. तरी मीच."

"मग सावलीत बस ना!"

"सावली? बाभळी सगळ्या पुढं गेलेल्यांनी बोडक्या केल्यात. ताडपत्रीची सावली कोकरांची. तुमच्या कंपनीतली धाडा की थोडी!" मग तिनं दुसरं गाऱ्हाणं काढलं. वाऱ्यात आवाज ऐकू येत नाही, चार हातांवर गेलं की मुंगीसुद्धा ऐकणार नाही.

माझी शिफ्ट सुरू व्हायची होती. मागं सुपरवायझर उभा होता. मी खेकसलो, "वैनी, घोंगडी घे डोक्यावरून, अंधार कर, आणि ती इअरफोनची दोरी कानात घाल. लख्ख दिसंल आणि ऐकूबी येईल. एवढं साधं मीच सांगायचं का?"

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, चला, मिटलं.

चैत्रात दादाचा फोन आला. "येऊन जा एकदा," एवढंच म्हणाला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "ती बोलत नाय."

मी रजा टाकली. चरफडतच टाकली, कारण तेव्हा ओव्हरटाइम चालू होता. नेवाशापर्यंत एसटी, तिथून जीप, तिथून पायी. रानात ढेकूळ नि ढेकूळ तापलेलं. कुठं म्हणून हिरवं नाही. बारा वर्षांचा होईपर्यंत मी असल्याच रानांतून चाललो होतो आणि दुपार म्हणजे काय हे मी पार विसरून गेलो होतो. डोळे किलकिले केल्याशिवाय हाताचा तळवा दिसत नव्हता.

वैनी ताडपत्रीच्या कडेला बसली होती. पाठ घोड्याच्या खोगिराला टेकलेली, मांडीवर कोयता. पिक्चर वगैरे काही नाही. माझी चाहूल लागताच कोयता हातात आला आणि मी आहे हे कळल्यावरही लगेच खाली गेला नाही. मी पाणी मागितलं. तिनं बोटानं हंडा दाखवला.

"टॅबलेट कुठाय?" मी विचारलं. काय विचारावं ते न कळून विचारलं.

"पिठाच्या पोत्यात."

"बिघडला?"

"नाय. तुम्ही सांगितलं तसं केलं की लख्ख दिसतो." मग ती जमिनीकडं बघत बोलायला लागली, आणि बोलायला लागल्यावर थांबली नाही. "घोंगडीत घामानं निथळायचे, पण दिसायचं. कानात दोरी. आठ-दहा दिस बरे गेले. मग दोघं आले मोटारसायकलवर. कवा आले, कवा माझ्यापाशी येऊन बसले, मला काय ठाऊक! कुत्री भुंकली असतील. माझ्या कानात तुमचा पिक्चर. घोंगडी कुणीतरी ओढली तवा कळलं. एक म्हणाला, आम्हालाबी बघू दे की."

"मग?"

"मग काय! कोयता उचलला. गेले. हसत गेले, भावजी. पळाले बी नाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि तो राग नेहमीप्रमाणं चुकीच्या माणसावर निघाला. "पण एकटी असताना कानात कशाला घालायचं ते?"

ती वर बघून म्हणाली, "तुम्हीच सांगितलं."

मी खाली बसलो, बसल्यावर ढेकळांचा चटका लागला तरी उठलो नाही. ती म्हणाली, "मला काय पिक्चरचं वेड लागलंय व्हय? तो डबा बोलतो. मोठ्यानं बोलतो. बांधावरून जाणाऱ्याला वाटतं, बिऱ्हाडात माणसं हायत, चार गडी हायत. सोयऱ्यांच्या म्हातारीनं मला तेच सांगितलं होतं, डबा चालू असला की कोण वाकडा येत नाय. म्हणून मागितला."

"मग तेव्हाच सांगायचं होतं ना तसं!"

"कुणाला? तुमच्या दादाला? भेतेय म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी मेंढरं सोडून माझ्यापाशी बसायचं व्हय? आणि तुम्हाला सांगायचं तर तुम्ही मला विचारलंत कवा?"

मी म्हणालो, उद्याच्या उद्या जातो, झाकणाचा डबा घेऊन येतो, बॅटरी आणतो, तबकड्या आणतो, तुला पाहिजे त्या आणतो. मी बरंच काय काय बोललो.

"आता डबा नको," ती म्हणाली. "आता मला दार पायजे. आतून कडी असलेलं."

दिवेलागणीला दादा मेंढरं घेऊन आला. त्याला सगळं ठाऊक होतं. तिनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मग बोलणं टाकलं होतं. तेव्हापासून तो दुपारी दोनदा मेंढरं वाऱ्यावर सोडून पळत बिऱ्हाडाकडं यायचा, तिला बघायचा आणि परत पळायचा. ह्या धावाधावीत लांडग्यानं तीन मेंढरं नेली होती. मला तो एका शब्दानं बोलला नाही. भाकरी वाढली, घोंगडी अंथरून दिली, सकाळी जीपपर्यंत सोडायला आला. मला तर वाटत होतं त्यानं ती काठी माझ्या पाठीत घालावी.

पाऊस पडेपर्यंत वैनी चालली. शब्द दिला होता तेवढा पाळला. गावात परत आल्यावर तिनं सांगितलं, आता नाही, आणि दादानं तिला एकदाही समजावलं नाही. श्रावणाच्या आत कळप विकला. टेम्पो आले तेव्हा मी शिफ्टवर होतो. सुट्टी मिळत होती, घेतली नाही. खोटं कशाला बोलू, तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

आता ते दोघं चिकलठाण्यात माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. एक खोली, पत्र्याचं छप्पर, लोखंडी दार, दाराला कडी. वैनी एका मेसमध्ये पोळ्या लाटते. चार बाया असतात संगं आणि ती चौघींशीही भांडते. तिचं बरं चाललंय, देवाशप्पथ बरं चाललंय. माझ्याशीही आता धड बोलते. दादा एका नव्या बिल्डिंगच्या गेटवर असतो. खाकी कपडे, शिट्टी, प्लास्टिकची खुर्ची. ज्या माणसानं दोन जिल्ह्यांची रानं पायाखाली घातली तो दिवसभर त्या खुर्चीत बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना गेट उघडतो. त्याच्या पायांना सूज येते. डॉक्टर म्हणतो, चालत जा जरा.

त्यानं मला कधी दोष दिला नाही, ह्याचाच मला संताप यायचा. एखाद्यानं शिव्या दिल्या की हिशेब मिटतो. हा देतच नव्हता. एका रविवारी मी गेटवर गेलो आणि खुर्चीपुढं उभा राहून भांडलोच. "बोल की काहीतरी! तुला तवाच कळत होतं, कुठला घ्यायचा ते. उन्हात नेऊन बघू म्हणालास. मग माझं कशाला ऐकलंस? मला कशाला विचारायला आलास?"

दादा पाय चोळत होता. चोळायचं थांबला.

"विचाराया नव्हतो आलो रं," तो म्हणाला. "पैसे व्हते, दुकानं ठाव व्हती, कंचा घ्यायचा ते तिनं सांगितलंच व्हतं. त्या काचंच्या दुकानात एकट्यानं शिरायची लाज वाटली. म्हटलं, भाऊ संगं असला तर कुणी हसणार नाय."

मी काही बोलायच्या आत आतून एका गाडीनं हॉर्न दिला आणि तो खुर्चीचे हात धरून गेट उघडायला उठला.